एक मोठा सब की दोन लहान? आधी घरात बसायच्या जागा मोजा

गेल्या दिवाळीत कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मित्राकडे फराळाला गेलो होतो. त्यानं नवाकोरा १२ इंची सबवूफर (फक्त बेस, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) आणला होता आणि टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवला होता. हॉलच्या बरोबर मध्ये त्याची स्वतःची खुर्ची. चिवड्याची बशी माझ्या हातात देतानाच तो म्हणाला, "भावा, बेसच येत न्हाई बघ. गंडवलं मला." मागच्या भिंतीला टेकून दिवाणावर त्याची आई बसली होती. ती म्हणाली, "येत न्हाई कसा? सकाळपासनं छातीत धडधडतंय माझ्या." आणि स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी, "मांडणीवरची फुलपात्री बघा आधी. एकेक करून पुढं सरकाय लागल्यात."

सब एक, गाणं एक, तक्रारी तीन, आणि तिन्ही खऱ्या. मित्र तो १२ इंची बदलून १५ इंची आणायच्या बेतात होता. मी म्हटलं, थांब, आधी टेप आण.

पहिल्यांदाच सब घेणाऱ्याला हा प्रश्न पडतोच: त्याच पैशात एक मोठा घ्यावा की दोन लहान? दुकानात उत्तर मिळतं ते इंचांत आणि वॅटमध्ये. पण खरं उत्तर तुमच्या खोलीत असतं आणि त्या खोलीत किती माणसं कुठं बसतात यात असतं. म्हणून पायऱ्या या क्रमानं चढा. खरेदी मधेच कुठेतरी येते.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

"बेस कमी आहे" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, बेस किती खोल जातो आणि किती जोरात वाजतो. दुसरी, तो कुठल्या जागेवर किती पोचतो. पहिली गोष्ट मोठा सब देतो. दुसरी गोष्ट मोठा सब देऊ शकत नाही, मग तो कितीही महागडा असो. त्यासाठी बेस खोलीत एकाहून जास्त ठिकाणांहून यावा लागतो.

कुस्त्यांचं खासबाग मैदान आठवा. शाहू महाराजांनी ते असं बांधून घेतलं की कुठल्याही पायरीवर बसा, आखाडा समोर दिसतो. पैलवान मोठा आणला म्हणून मागच्याला जास्त दिसत नाही, बसायची रचनाच तशी हवी. आवाजाची तीच गोष्ट आहे.

आणखी एक उलगडा आपल्या भागात करावाच लागतो. आपण मिरवणुकीतल्या बॉक्सच्या भिंतीला "डॉल्बी" म्हणतो. डॉल्बी हे खरं तर आवाजाचं तंत्र बनवणाऱ्या कंपनीचं नाव, पण शब्द रुळला तो रुळला. त्या भिंतीपुढे उभं राहिल्यावर छातीवर जो ठोका बसतो तो बराचसा ५० ते १०० हर्ट्‌झच्या पट्ट्यातला असतो (हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं). सिनेमात इमारत कोसळते, विमान डोक्यावरून जातं, तेव्हा जमीन हलल्यासारखी वाटते ती ३० हर्ट्‌झच्या आसपासची आणि त्याखालची. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ४१ हर्ट्‌झ वाजते. हलगीचा कडकडाट तर सबच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही. तुम्हाला गाण्यातला ठोका हवा की सिनेमातली थरथर, हे आधी ठरवा. ठोक्यासाठी चांगला ८ किंवा १० इंची पुरतो. थरथरीला हवा जास्त ढकलावी लागते.

पायरी १: टेप घ्या, खोली मोजा

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. म्हणजे ४० हर्ट्‌झची एक लाट २८ फुटांची झाली. आपल्या हॉलपेक्षा लाटच मोठी! ती भिंतीवर आपटून परत येते, येणारी आणि जाणारी एकमेकींत मिसळतात, आणि खोलीत काही ठिकाणी बेस फुगतो, काही ठिकाणी पार बुडतो. मी यांना फुगवटे आणि खड्डे म्हणतो.

हे कुठल्या सुराला होणार ते काढायला सोपा हिशेब आहे. ५६५ ला (म्हणजे ११३० च्या निम्म्याला) खोलीच्या फुटांतल्या मापानं भागा. मित्राचा हॉल १५ फूट लांब, ११ फूट रुंद, १० फूट उंच. लांबीचा सूर ३८ हर्ट्‌झ, रुंदीचा ५१, उंचीचा ५६ च्या थोडा वर. लांबीच्या सुराची दुप्पट, म्हणजे ७५ लाही असाच प्रकार होतो. प्रत्येक पहिल्या सुराचा खड्डा बरोबर मध्यावर पडतो आणि फुगवटा दोन्ही टोकांच्या भिंतींना असतो. कोपऱ्यात तर सगळ्या सुरांचे फुगवटे एकत्र येतात.

आता तिघांच्या तक्रारी पुन्हा बघा. मित्र बरोबर मध्यावर, ३८ आणि ५१ दोन्हींच्या खड्ड्यात बसलेला. आई मागच्या भिंतीला, ३८ आणि ७५ च्या फुगवट्यात. मांडणी कोपऱ्यात, जिथे सगळंच जमतं. १५ इंची आणला असता तर आईची धडधड आणि फुलपात्र्यांचा नाच वाढला असता, मित्राचा खड्डा मात्र होता तिथेच राहिला असता.

इंटरनेटवरचे सल्ले वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यातले पुष्कळसे अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या आणि पातळ फळ्यांच्या भिंतींच्या घरांत बसून लिहिलेले असतात. त्या भिंती बेसबरोबर थोड्या हलतात आणि त्याचा काही भाग गिळतात. आपल्या विटांच्या भिंती, वर आरसीसी स्लॅब, खाली फरशी. काही गिळत नाहीत, सगळं परत फेकतात. म्हणून आपल्याकडे बेस भरपूर मिळतो, पण घुमतोही जास्त. शिवाजी पेठेतल्या एखाद्या जुन्या कौलारू घरात उलटं होतं, कौलांतून बेस निसटतो आणि घुमणं कमी असतं. तिथे तेवढाच दणका काढायला सबला जास्त राबावं लागतं.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नसेल तर दोन्ही मिळून माप घ्या. बेसला मधला अर्धा ओटा दिसत नाही. आणि १० बाय १० ची बेडरूम, वर १० फुटांवर स्लॅब असेल तर जास्त सावध राहा. तिथे तिन्ही सूर एकाच आकड्यावर, ५६ च्या पुढे येऊन पडतात आणि एकच स्वर ढोलासारखा वाजत राहतो. अशा खोलीत मोठा सब आणणं म्हणजे नसती आफत.

पायरी २: माणसं मोजा

एका कागदावर हॉल काढा. रोज कोण कुठं बसतं त्या जागांवर फुल्या मारा. पाहुण्यांच्या जागा सोडून द्या, रोजच्याच मांडा.

फुली एकच असेल, म्हणजे तुम्ही एकटे रात्री हेडफोन काढून ऐकणारे असाल, तर एक सब पुरे. खुर्ची दोन फूट मागेपुढे करून आणि सब नीट जागी ठेवून एका जागेचा बेस सुधारता येतो. तेव्हा सगळे पैसे एकाच चांगल्या सबवर घाला. फुल्या तीन-चार असतील आणि पसरलेल्या असतील (सोफा, दिवाण, खिडकीजवळची आजोबांची आरामखुर्ची), तर एका सबनं सगळ्यांचं समाधान होत नाही. एकाची जागा सुधारायला जाल तर दुसऱ्याची बिघडते. इथं दोन सबच हवेत.

हे माझं नुसतं मत नाही. हरमन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये चौकोनी खोलीत किती सब कुठे ठेवावेत याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. चार भिंतींच्या मध्यावर चार सब ठेवले तर जागोजागचा फरक फार कमी होतो, समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोनच ठेवले तरी बराचसा फायदा मिळतो, आणि चारांच्या पुढे जाऊन खास काही हाती लागत नाही, असा त्याचा सारांश. कोल्हापुरातल्या हॉलमध्ये चार सब ठेवायला जागा आणि घरच्यांची परवानगी दोन्ही दुर्मीळ, म्हणून मी दोनाचंच बोलतो.

दोन सबनं फरक का पडतो? लांबीचा पहिला सूर झोक्यासारखा असतो, पुढच्या भिंतीला दाब वाढतो तेव्हा मागच्या भिंतीला कमी होतो. पुढे आणि मागे एकेक सब ठेवून दोघांनी एकाच वेळी एकाच दिशेनं ढकललं तर झोका हलतच नाही, कारण दोन्ही बाजूंनी सारखाच जोर लागतो. मित्राच्या हॉलमधला ३८ चा सूर असा जवळजवळ मिटतो. आणि दोन्ही सब रुंदीच्या मध्यावर असल्यानं ५१ चा सूरही उठत नाही. दोन मोठे गुन्हेगार एका मांडणीत गेले.

पायरी ३: कोनचा हिशेब, इथं मात्र घाई नको

इथे नवखे फसतात. "८ आणि ८ मिळून १६ इंची झाला" असं होत नाही. कोनचं (स्पीकरच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याचं) क्षेत्रफळ इंचांच्या वर्गानं वाढतं. ८ चा वर्ग ६४, दोन सबचे १२८. एका १२ इंचीचे १४४. म्हणजे दोन ८ इंची मिळूनही एका १२ इंचीच्या मागेच. दोन १० इंचींचे २००, म्हणजे एका १२ इंचीपेक्षा बरेच पुढे आणि १५ इंचीच्या २२५ च्या जवळ. कोन किती पुढेमागे हलतो, अॅम्प्लिफायर कसा आहे, खोका केवढा आहे, यानं चित्र बदलतं, पण पहिला अंदाज बांधायला हे वर्ग पुरतात.

दुसरी अडचण खोलीची नाही, खोलपणाची आहे. तेवढ्याच जोरात अर्ध्या हर्ट्‌झचा सूर वाजवायचा तर चौपट हवा हलवावी लागते. ६० हर्ट्‌झ आरामात वाजवणारा सब ३० ला चौपट राबतो. ८ इंची सब ३५-४० च्या खाली जाताना दमला असेल तर दुसरा ८ इंची त्याला तिथे नेऊन पोचवत नाही. दोघेही त्याच उंबऱ्यावर थांबतात. दोन सारखे सब एकमेकांना चिकटून ठेवले तर फार तर ६ डेसिबल वाढतात, लांब ठेवले तर त्याहून थोडे कमी. आणि आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, खोल बेसला त्याहून थोडे कमी. म्हणून "दुसरा आणला की दुप्पट दणका" ही अपेक्षा ठेवू नका.

लहान सबला दमवलं की तो सांगतो. पोर्टमधून (सबच्या खोक्याला हवेसाठी ठेवलेल्या भोकातून) फर्रर्र असा वारा ऐकू येतो, किंवा कोन टोकाला जाऊन टकटक वाजतो. हा टकटकाट ऐकला की लगेच आवाज कमी करा, व्हॉइस कॉइल (कोनला हलवणारं तारेचं वेटोळं) त्यातच जाते.

एक दिलासा आहे. लहान, दारं बंद असलेली खोली तिच्या सर्वांत खालच्या सुराच्याही खाली बेसला हात देते. त्यामुळे ११ बाय १५ च्या बंद हॉलमध्ये १० इंची सब जितका खोल वाटतो तितका मोठ्या मोकळ्या हॉलमध्ये वाटत नाही.

आता माझा स्पष्ट कौल. १० बाय १० ची बेडरूम, एक माणूस: एक १० इंची, बंद खोक्याचा. ११ बाय १५ चा हॉल, सगळं कुटुंब: दोन १० इंची, आणि सिनेमे जास्त बघत असाल तर दोन १२ इंची. कळंब्याकडच्या एखाद्या बंगल्यातला २० बाय १४ चा जिना-हॉल एकत्र असलेला मोठा दिवाणखाना: तिथे दोन १० इंची कमी पडतील, १२ चे दोन हवेत. ६ किंवा ८ इंचींची जोडी मी कुणालाही मोठ्या १२ इंचीच्या बदल्यात सुचवत नाही. ती फक्त गाण्यांसाठी आणि लहान खोलीसाठी.

आणि आज दोनांचे पैसे नसतील तर? तर दोन हलके घेऊ नका. एक चांगला १० किंवा १२ इंची आज घ्या आणि त्याचाच जुळा भाऊ पुढच्या वर्षी घ्या. मॉडेल बाजारात टिकेल असं बघून घ्या, कारण जोडीत दोन्ही सब सारखेच असणं नवख्यासाठी फार सोयीचं आहे. एक बंद खोक्याचा आणि एक पोर्टवाला अशी जोडी तर टाळाच. पोर्टवाला त्याच्या ठरलेल्या सुराजवळ वेळेत मागेपुढे होतो, आणि मग दोघे एकमेकांना मदत करायची सोडून खोडा घालतात. ते जुळवायला माइक, सॉफ्टवेअर आणि पुष्कळ रविवार लागतात.

पायरी ४: पैसे न घालता जागा शोधा

ही पायरी सर्वांत जास्त फळ देते आणि लोक हीच गाळतात.

एक सब असेल तर तो उचलून तुमच्या रोजच्या खुर्चीवर ठेवा. हो, खुर्चीवरच, खाली एक जाड चादर घालून. बेस गिटार सावकाश वरखाली फिरते असं एखादं गाणं लावा. मग टीव्हीच्या भिंतीच्या कडेकडेनं गुडघ्यांवर रांगत जा, कान सबच्या उंचीला येऊ द्या. जिथे प्रत्येक स्वर सारख्याच ताकदीनं ऐकू येतो, एखादाच स्वर उसळत नाही आणि एखादा गायब होत नाही, तिथे खडूनं खूण करा. सब तिथे नेऊन ठेवला की तुमच्या खुर्चीवर तसाच बेस मिळतो, कारण सबची आणि कानाची जागा अदलाबदल केली तरी खोली तसंच वागते. मित्राच्या घरी आम्ही हेच केलं. त्याची सहा वर्षांची पुतणी आमच्या मागोमाग रांगत होती, आणि खरं सांगतो, टीव्हीच्या मधोमध भिंतीला तिनंच पहिल्यांदा हात लावला, "काका, हितं गुदगुल्या हुत्यात." खडूची खूण तिथेच झाली.

सब कोपऱ्यातून पुढच्या भिंतीच्या मध्यावर आला, खुर्ची दोन फूट मागे सरकली. एवढ्यानं मित्राला बेस मिळाला आणि मांडणीवरची फुलपात्री थांबली. एक रुपया लागला नाही. आईची धडधड निम्म्यानं कमी झाली, पूर्ण गेली नाही. ती गेली दुसरा सब आल्यावर.

दोन सब असतील तर पहिली पसंती पुढच्या आणि मागच्या भिंतीचा मध्य. मागच्या भिंतीच्या मध्यावर दिवाण किंवा दार असतंच, मग समोरासमोरचे तिरके कोपरे वापरा, पुढचा डावा आणि मागचा उजवा. त्यानंही लांबी आणि रुंदी दोन्हींचे पहिले सूर दबतात. दोन्ही सब टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवले की दिसायला देखणं, पण त्यानं फक्त रुंदीचा सूर मिटतो. लांबीचा सूर, म्हणजे मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्याचा त्रास, तसाच राहतो. शोभेसाठी दुसऱ्या सबचा निम्मा फायदा घालवू नका.

पायरी ५: जोडणी

रिसिव्हरला (स्पीकर आणि सबला आवाज वाटून देणाऱ्या अॅम्प्लिफायरला) सबची दोन आउटपुट असतील तर दोन आरसीए वायर टाका. एकच असेल तर वाय आकाराची वायर मिळते, ती चालते. पुष्कळ रिसिव्हरमध्ये दोन आउटपुट दिसतात पण आतून सिग्नल एकच असतो. आपल्या मांडणीला त्यानं अडत नाही.

सबवरचा क्रॉसओव्हर (ज्या सुराच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा) पूर्ण वर फिरवा किंवा एलएफई (ही सीमा बाजूला ठेवणारा) असा खटका असेल तर तो लावा, आणि कापायचं काम रिसिव्हरला द्या. रिसिव्हरमध्ये स्पीकर "स्मॉल" आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्‌झ. तुमचे स्पीकर फार चिमुकले असतील तर १२० पर्यंत जावं लागेल, पण तेवढ्या वर गेलं की सब कुठं ठेवलाय ते कानाला कळू लागतं. दोन बाजूंना दोन सब असले तर ते कमी कळतं.

भणभण ऐकू येऊ लागली तर ती बहुतेक विजेची, ५० हर्ट्‌झ आणि तिच्या पटीतली. दोन्ही सब आणि रिसिव्हर शक्यतो एकाच बोर्डावरून घ्या. तरीही राहिली तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. बऱ्याचदा गुन्हेगार तीच असते. जुन्या पेठांतल्या काही घरांत अर्थिंग नावालाच असतं, तिथे आधी वायरमनला बोलवा. भणभण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. त्या पिनेवर घरातल्या माणसाचा जीव आहे.

पायरी ६: आवाज जुळवा

दुसरा सब बंद ठेवून पहिला लावा. मग पहिला बंद ठेवून दुसरा. दोन्हींचा व्हॉल्यूमचा खटका अगदी सारख्या खुणेवर. सारखेच सब असल्याचा फायदा इथे कळतो.

मग दोन्ही चालू करा. आणि इथं बरेच जण घाबरून मला फोन करतात, "दोन लावले आणि बेस कमी झाला!" तो कमी झालेला नसतो. इतके दिवस एक-दोन स्वर फुगून घुमत होते, ते मिटले. कानाला घुमण्याचीच सवय झालेली असते. दोन्ही सब थोडे वर करा, पण सारखेच करा, आणि तीन-चार दिवस तसंच ऐका. ढोलाच्या प्रत्येक टिपरीचा ठोका सुटा ऐकू यायला लागेल. मात्र सगळाच बेस, सगळ्याच जागांवर पोकळ झाला असेल तर एका सबचा फेज उलटा आहे, म्हणजे एकाचा कोन बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. दोन्हींचे खटके एकाच बाजूला आहेत ना, बघा.

स्पीकर आणि सबचा मेळ बसवायला ८० हर्ट्‌झचा सूर दोन्हींतून वाजवा, कुणाला तरी फेजचा खटका ० आणि १८० मध्ये फिरवायला सांगा, आणि जिथे खुर्चीवर आवाज जास्त भरीव येतो तिथे सोडा. दोन सब असतील तर दोन्हींचे खटके एकदमच फिरवा.

जागा तपासायला फोनवरचं सूर वाजवणारं कुठलंही फुकट अॅप चालतं. फोन रिसिव्हरला जोडा, ३० पासून ८० हर्ट्‌झपर्यंत पाच-पाचानं चढा, आणि प्रत्येक फुलीवर बसून वहीत "फुगला", "बुडाला", "ठीक" एवढंच लिहा. आवाज हळू ठेवा. सलग सूर फार वेळ जोरात वाजवला तर कॉइल तापते. फोनच्याच माइकनं मोजायला गेलात तर आकड्यांवर विसंबू नका, बऱ्याच फोनचे माइक खोल बेसला कच्चे असतात. पुढे जाऊन आवड वाढली तर रूम इक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि एक यूएसबी मोजणीचा माइक घ्या. कानानं ऐकलेलं सगळं कागदावर मांडल्यासारखं दिसतं.

रिसिव्हरमधलं आपोआप जुळवणारं तंत्र, ऑडिसी असो वा डिराक, सर्वांत शेवटी चालवा. पंखा बंद, माइक बसल्यावर कान येतात त्या उंचीला, हातात न धरता स्टँडवर, आणि प्रत्येक फुलीवर एकेकदा. हे तंत्र फुगवटे छान कापतं. खड्डे मात्र भरू शकत नाही. खड्ड्यात कितीही ताकद ओतली तरी लाटा तिथे एकमेकींना मारतच राहतात आणि अॅम्प्लिफायर फुकट दमतो. म्हणूनच जागा आधी, यंत्र नंतर.

खालच्या मजल्यावरचे लोक

बेस भिंत-स्लॅब ओलांडतो, त्याला पडदे-गालिचे अडवत नाहीत. सबखाली रबराचे पॅड घातले तर फरशीची थरथर कमी होते, हवेतून जाणारा बेस जातोच. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. पण कायद्यापेक्षाही मला दोन सबचा इथला एक गुण जास्त मोलाचा वाटतो. खड्ड्यात बसलेला माणूस आवाज वाढवत राहतो, त्याला दोन चमचे मिळावेत म्हणून बाकीच्यांवर बादली ओतली जाते. सगळ्या जागांवर बेस सारखा पोचला की एकूण आवाज खालीच ठेवता येतो. मित्राचा रिसिव्हर पूर्वी जिथे असायचा त्याच्या बराच खाली आता असतो, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की पुन्हा हसून बोलतात.

पाऊस आणि पूर

आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओल अशी की कपाटातले कपडे दमट होतात. कागदाचा कोन आणि फोमची कड असलेल्या सबला ही ओल मानवत नाही, फोम काही वर्षांत कुजून भुगा होतो. रबराची कड असलेला सब बघून घ्या. बाहेरच्या भिंतीला पोपडे आले असतील तर सब तिला चिकटवू नका, वीतभर अंतर ठेवा. आठवड्यातून दोनदा तरी वाजवा. पोर्टवाला असेल तर बंद असताना पोर्टवर पातळ जाळीचं कापड लावा आणि वाजवताना काढा. माझ्या सबच्या पोर्टमध्ये एकदा पालीनं अंडी घातली होती, ती चिमट्यानं एकेक करून काढली.

शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळीच्या बाजूला तळमजल्यावर राहत असाल तर वजनही हिशेबात धरा. २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. मोठा १५ इंची पोर्टवाला सब ४०-५० किलोच्या घरात जातो, रात्री दोन वाजता जिन्यावरून एकट्याला तो हलत नाही. १० इंची सब एक माणूस उचलतो आणि दोन खेपांत जोडी वर जाते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांकडे सरकायला लागली की धोक्याच्या ४३ ची वाट बघू नका. वायर काढताना कुठली कुठे होती त्या चिठ्ठ्या लावून ठेवा, खटक्यांच्या खुणांचा फोटो काढा, आणि सब वर नेऊन कोन भिंतीकडे करून ठेवा, म्हणजे घाईत कुणाचा पाय त्यात जाणार नाही.